न विचारता पाडलेलं घर

दादा,

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे सकाळच्या गाडीनं गेले, वहिनी भिंतीला टेकून बसल्या जागीच झोपली, आणि मी माझ्या घरी परत आले. दुपार चढली, वारा सुटला, अंगणातला पाचोळा दाराशी येऊन गोळा झाला आणि माझे कान आपोआप टवकारले. चैत्र-वैशाखात नेमकी ह्याच वेळेला तुझी हाक यायची. "गिरजे, चूल इझली काय वं?" आज ती आली नाही. मग शिवणाचं काम बाजूला सारलं आणि कागद घेऊन बसले. तू हे वाचणार नाहीस, तेवढं मला कळतं. पण जिवंत असतानाही तू माझं कुठलं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलंस? मध्येच उठायचास, आगीच्या बंबाकडे जायचं म्हणून. आता तरी बस.

तुझी नोकरी, तुझा हुद्दा, तू कुठल्या कुठल्या आगी विझवल्यास, हे सगळं काल लोकांनी सांगून झालं. एकानं तर इतकं सांगितलं की मला शंका आली, हा आपल्याच दादाबद्दल बोलतोय ना? मला त्यातलं काही नको. मला तुझा उजवा तळहात आठवतो. तो कायम राखेनं करडा झालेला असायचा, आणि वहिनी म्हणायची की जेवायच्या आधी धुतला तरी भाकरीवर त्याचा ठसा उमटतो.

आपल्या वाशीममध्ये अर्धी वस्ती गवताच्या छपराखाली राहते. उन्हाळ्यात छपरं वाळून कोळ होतात, आणि दुपारचा वारा सुटला की एक ठिणगी पुरे. म्हणून वारा सुटायच्या आधी बायांनी स्वयंपाक उरकायचा आणि चुलीत तांब्याभर पाणी ओतायचं, ही जुनी रीत. पण ओतलं की नाही, हे दारोदार जाऊन पाहणारा तूच निघालास. बंबाच्या जमादाराला हे काम कुणी सांगितलं नव्हतं. तू आपलं फेटा बांधून निघायचास, घराघरांत वाकून चुलीच्या राखेवर तळहात ठेवायचास, थोडा वेळ तसाच थांबायचास आणि मग मान हलवून पुढच्या घरी. सोवळ्याच्या घरी आत जाता यायचं नाही, तर ओसरीवर उभा राहून खापरीवर राख मागवायचास. पाटलाच्या घरची म्हातारी चिडायची. म्हणायची, जमादार काय भिक्षा मागतो काय राखेची? तू तिलाही हात जोडायचास आणि खापरी घेतल्याशिवाय हलायचा नाहीस.

बाया तुझी थट्टा करायच्या. "आले चुलीची नाडी पाह्यले," म्हणायच्या. ती कुंभारणीची सून एकदा म्हणाली होती, "भाऊ, चूल थंडी हाये, पन सासू लय गरम हाये. तिच्यावर ठेवा हात." तू तोंड गंभीर करून म्हणालास, "त्याच्यासाठी बंबच आना लागीन बाई." तिची सासू आतून हसली, तेव्हा कुठे सून लाजली. असं सगळ्या वस्तीत तुझं येणंजाणं. नियम सांगणारा माणूस लोकांना नकोसा होतो, तू झाला नाहीस.

आणि तुझा तो बंब. मला तर तुझी दुसरी बायकोच वाटायचा. चार चाकांचा, लाल रंग उडालेला, दोन्ही अंगांना लांब दांडे. चार माणसं इकडून आणि चार तिकडून दांडे वरखाली करायची, तेव्हा कुठे पितळी तोटीतून पाणी निघायचं. ओढायला बैल, आणि बैलही बंबाचे नव्हेत, गावात पाणी वाटणाऱ्या टाकीच्या गाडीचे. उन्हाळ्यात दुपारी टाकी बंद ठेवून तू त्यांना बंबापाशीच बांधायचास. कापसातली सरकी काढायच्या जिनाचा भोंगा एरवी पाळी बदलली की वाजे. तो तुटक तुटक वाजला की आग. भोंगा वाजला आणि तू धावला नाहीस, असा एक दिवस मला आठवत नाही. माझ्या लग्नात अक्षता पडत असताना तो वाजला होता. मामांच्या हातात अंतरपाट देऊन तू पळालास आणि माझ्या पंगतीला ओल्या कपड्यांनी आलास. यांनी, माझ्या नवऱ्यानं, तुला जवळ बसवून वाढायला लावलं. त्या दिवसापासून तुमचं दोघांचं जमलं.

पाऊसपाणी नसलं की दर आठवड्याला तू कॅनव्हासच्या नळ्या बाजाराच्या मैदानात पसरायचास, फाटलेलं मोच्याच्या दोऱ्यानं शिवायचास आणि मग कडुलिंबावर वाळत घालायचास. उंदीर कुरतडतात म्हणून रात्री काठीवर उंच टांगायचास. राज्य बदललं, आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, तेव्हा बंबावरची पाटी नवी रंगवून आली. तू नळ्या शिवतच होतास. बंबावरचा तुझा जोडीदार रहीमभाई म्हणाला, "जमादार, अब अपन बंबईवाले हो गये." तू म्हणालास, "मंग बंबईले सांग, नवी नळी धाड." नवी नळी आली की नाही ते मला माहीत नाही, पण तुझं शिवणं काही थांबलं नाही. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवते, तरी टाका घट्ट कसा घ्यायचा हे तूच मला दाखवायला यायचास. त्यावरूनही आपलं भांडण व्हायचं.

एकदा आपल्याकडच्या मालेगावच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात कडब्याची गंजी पेटली. बैल धापा टाकत तिथवर पोचले तेव्हा गंजीची फक्त राख उरली होती. त्या घरचे लोक म्हणाले, आता काय विझवता, जा परत. तू गेला नाहीस. विहिरीत नळी सोडली, दांडे मारायला लावले आणि ती राख संध्याकाळपर्यंत भिजवत बसलास. घरी आल्यावर मी विचारलं, जळून गेलेल्याला पाणी कशाला? तू म्हणालास, "वरून राख दिसते वं. खाली जीव धरून राह्यते. सांजच्या वाऱ्यानं पुन्हा उठते." तेव्हा मी नुसतं हं म्हटलं. ही गोष्ट मला पुढे फार वेळा आठवली, ते सांगते.

आता त्या दिवसाकडे येते. त्याबद्दल शेवटपर्यंत बोलणं तू नेहमी टाळायचास. आज उठून जाता येणार नाही.

यांना जाऊन तेव्हा एकच वर्ष झालं होतं. घर यांनीच बांधलेलं. मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, आणि छपराखाली सागाचं आढं. ते आढं यांनी जंगलपट्ट्यातून बैलगाडीत आणलं होतं, आणि गाडीत मावलं नाही म्हणून मागचं टोक खांद्यावर घेऊन अर्धी वाट चालले होते. खांद्यावर घट्टा पडला तो शेवटपर्यंत गेला नाही. मी रात्री अंथरुणावर पडले की वर ते आढं दिसायचं आणि मला वाटायचं, घरात कुणीतरी आहे.

त्या दुपारी मी शाळेत होते. भोंगा तुटक वाजायला लागला. मुलींना सोडलं आणि धूर दिसला तो आमच्याच गल्लीच्या बाजूला. धावत आले तर गल्लीच्या पश्चिम टोकाची घरं पेटलेली, वारा तिकडून इकडे, आणि आगीच्या आणि माझ्या घराच्या मध्ये एक गोठा तेवढा राहिलेला. विहीर खोल गेलेली, तोटीतून पाणी यायचं ते पिचकारीसारखं. माझ्या घरापलीकडे कुंभारांची सगळी ओळ, एकाला एक छप्पर लागलेलं, आणि ओळीच्या शेवटी जिनाची सरकीची वखार. हे सगळं मी तेव्हा पाहिलं नाही. मी एवढंच पाहिलं की माझं घर पेटलेलं नाही, आणि तुझी माणसं लोखंडी आकड्यांचे लांब बांबू माझ्या छपरात अडकवून ओढताहेत. आणि हुकूम तू देतो आहेस.

"दादा, काय करून राह्यला तू? माह्यं घर जळून नाही राह्यलं."

तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. "गिरजे, बाजूले हो."

"आरे, यायनं खांद्यावर आनलेलं आढं हाये ते."

"बाजूले हो म्हनलं ना. रहीम, तिले धर."

रहीमभाईनं मला धरलं. मी त्याचा हात चावले, दादा. तो बिचारा त्यानंतर कधी त्याबद्दल बोलला नाही, पण खूण अजून आहे त्याच्या मनगटावर. छप्पर खाली आलं. मग आढं आलं, एका टोकानं आधी, आणि जमिनीवर आपटून मधोमध फाटलं. आगीला पुढची वाट मिळू नये म्हणून तुम्ही गवत ओढून गल्लीपार नेलं, भिंती पाडल्या, सगळं भिजवलं. आणि हे सगळं होतंय न होतंय तोच वारा फिरला. ओढ्याकडे गेला. गोठा जळून संपला आणि आग तिथंच बसली.

माझ्या घराच्या मातीला धग म्हणून लागली नव्हती. गावात त्या दिवशी जी घरं गेली ती आगीनं गेली. न जळता गेलेलं घर माझं एकटीचं.

संध्याकाळी तू माझ्यासमोर येऊन उभा राहिलास. तोंड काळं, मिशा होरपळलेल्या. मला वाटलं, आता हा म्हणेल, गिरजे, चुकलं. मी एवढंच विचारलं, "पाडायच्या आंदी मले इचारलं काहून नाही?"

आणि तू म्हणालास, "दुसऱ्याचं असतं तर इचारत बसलो असतो. तुह्यं होतं म्हून नाही इचारलं."

दादा, ह्या एका वाक्यावर आपण किती भांडलो. मी म्हणायचे, बहिणीचं घर म्हणजे काय तुझ्या बापाची इस्टेट? तू म्हणायचास, इस्टेट नाही, पण हाक मारायची गरज नाही असं एक तरी दार माणसाला पाहिजे का नको? मी म्हणायचे, वारा फिरला, घर वाचलंच असतं. तू म्हणायचास, "फिरला नसता तं?" मी म्हणायचे, "पन फिरला ना." तिथं आपलं दोघांचंही बोलणं संपायचं. वाऱ्याला साक्षीला कोण बोलावणार? मी आजही म्हणते, घर वाचलं असतं. तू मेलास म्हणून मी हे मागे घेणार नाही.

तू मला नवं घर बांधून दिलंस, हेही खरं. तू, रहीमभाई आणि बंबाची सगळी माणसं, सुट्टीच्या दिवशी माती मळायला यायची. वर गवत नको म्हणून भाजलेल्या मातीचे कवेलू चढवलेस. चूल पश्चिमेच्या वाऱ्याच्या आडोशाला तूच मांडलीस, आणि तीन वेळा मोडून पुन्हा मांडलीस. आणि फाटलेल्या आढ्याचा अर्धा तुकडा तासून तू माझ्या दाराचा उंबरा केलास. मला आधी दाखवलाही नाहीस. मी आले आणि पाहिलं तर यांचं लाकूड दारात बसलेलं. हेही न विचारताच. मी तिथंच खाली बसले आणि रडले, आणि तू घाबरून म्हणालास, "काढू काय? काढतो मंग." मी म्हटलं, राहू दे. त्या दिवशी मला तुझा जीव घ्यावासाही वाटला आणि तुझ्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. चहा ठेवला.

मग तू ते सुरू केलंस. माझ्या दारात येऊन उंबऱ्याच्या बाहेर उभा राहायचास आणि विचारायचास, "इचारून राह्यलो बाई. येऊ काय आत?" मी म्हणायचे, "नको." तू म्हणायचास, "बरं," आणि उंबऱ्यावरच बसायचास. सगळ्या गावाच्या चुलीवर हात ठेवणारा माणूस, माझी चूल तेवढी बाहेरून विचारायचास. मी तोंडानं उत्तर द्यायची नाही. तांब्या फरशीवर आपटायची. त्याचा अर्थ, विझली. तू उठायचास, धोतर झटकायचास आणि पुढच्या घरी. पहिल्या वर्षी ते भांडण होतं. नंतर खेळ झाला. दिवाळीला ओवाळायलासुद्धा मी ताट घेऊन उंबऱ्याशी यायची. वहिनी म्हणायची, दोघंही सारखीच हट्टी, एका आईच्या पोटची. पण दादा, खेळाच्या आत बारीकसं कुसळ होतं, ते तुलाही टोचायचं आणि मलाही. तू सांगितलेली ती गंजीची राख मला तेव्हा आठवायची.

छातीत धूर बसत गेला तुझ्या. माघापासून खोकला थांबेना. मी रोज यायचे, पाठ चोळायचे, तू मात्र बंबाची चौकशी करायचास. नळ्या वाळवल्या का, बैलांना पेंड मिळाली का. मग एक दिवस सगळे बाहेर होते आणि तू डोळे मिटूनच म्हणालास, "गिरजे. वारा फिरला नसता तं?"

मी म्हटलं, "पन फिरला ना."

तू हसलास, आणि हसण्याचा खोकला झाला. मी पाणी पाजलं. मला वाटत होतं, आता तरी म्हणशील, गिरजे, चुकलं. तुलाही काहीतरी वाटत असावं, कारण तू माझा हात धरून ठेवलास, चुलीवर ठेवायचास तसा, ऊब आहे का पाहत. मग वहिनी आत आली.

जे सांगायचं राहिलं ते आता सांगते. यांच्या मागं मी गावाची झाले होते, दादा, कुणा एकाची उरले नव्हते. सगळे माझ्याशी जपून बोलायचे. काही मागायचं तर आधी विचारायचे, द्यायचं तर आधी विचारायचे. कुणी दारात आलं तर खाकरून यायचं. मी परकी असल्यासारखी सगळ्यांनी मला मान दिला. त्या आगीच्या दुपारी एकटा तू असा निघालास की ज्यानं मला विचारलं नाही. माझं म्हणजे तुझंच, असं धरून चाललास. त्यानं माझं घर गेलं, आणि 'तुह्यं होतं म्हून नाही इचारलं' ह्याच वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली. तुझ्यावरचा राग होता म्हणून मला आधार होता. दुसऱ्या कुणावर मी एवढं रागावू शकत नव्हते. हे तुला सांगितलं असतं तर तू फुशारून गावभर फिरला असतास, म्हणून सांगितलं नाही.

तू गेलास ती पहाट. तुला न्यायला दुपार झाली, पाहुणे लांबून यायचे होते म्हणून. प्रेत उचलेपर्यंत गल्लीत चूल पेटत नाही, हे तुला सांगायला नको. पण त्या दिवशी आपलीच गल्ली नाही. कुंभारांच्या ओळीत नाही, मोमिनांच्या घरात नाही, पाटलाच्या वाड्यातसुद्धा धूर निघाला नाही. मी अंगणात आले आणि वर पाहिलं तर सगळ्या वस्तीच्या छपरांवर नुसतं स्वच्छ ऊन. तू इतकी वर्षं दारोदार फिरलास, पण सगळ्या चुली एकाच वेळी थंड, हे तुला कधी पाहायला मिळालं नाही.

आणि मग तुझा पोरगा नामदेव पुढे मडक्यात विस्तव घेऊन निघाला, आणि वारा सुटला. ऐन दुपारी, भर वैशाखात, छपरांच्या गल्लीतून उघडा विस्तव. तुझ्याच मयताला. रडता रडता मला तुझा आवाज ऐकू आला, कोन येडा आग घेऊन चालला रे? तेवढ्यात मडक्यातून एक निखारा उडून कुंभाराच्या कुडाशी पडला. तिरडीचा खांदा दुसऱ्याकडे देऊन रहीमभाई वाकला, निखाऱ्यावर पाय दिला, आणि कमरेला बांधलेल्या तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं. मयताला येताना तो तांब्या भरून घेऊन आला होता. मग खाली बसून त्यानं त्या राखेवर तळहात ठेवला. सगळी यात्रा थांबली. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "चला." मी हसले, दादा. भर मयतात हसले. बायांना वाटलं मला वेड लागलं.

मडकं पुढे गेलं. आम्ही बाया वळणापर्यंतच. तिथून पुढे तुला नेलं, आणि तुझ्याभोवती जी पेटली असेल तिच्याकडे भोंगा ऐकून कुणी धावणार नव्हतं. हा विचार मी अजून पुरा करू शकत नाही.

आता दुपार टळत आली आहे. बाहेर वारा पडत नाही. थोड्या वेळापूर्वी मी उठले आणि तू करायचास तसं केलं. चुलीपाशी वाकले आणि राखेवर हात ठेवून थांबले. तू एवढा वेळ का थांबायचास ते मला आज समजलं. वरची राख लगेच थंड लागते, खालचं काय ते कळायला वेळ लागतो.

थंड आहे, दादा. खालपर्यंत थंड आहे. तांब्या आपटत नाही, तोंडानं सांगते. उंबऱ्यावर बसू नकोस, ऊन आहे तिथं. दार उघडं आहे. आत ये, विचारत बसू नकोस.